रोगाच्या जनुकाचा पत्ता कसा लागतो?

मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीत सुमारे ३ अब्ज रासायनिक अक्षरे असतात. त्यांपैकी एकच अक्षर बदलले, तरी काही वेळा एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तोच आजार उतरत राहतो. हे बदललेले अक्षर नेमके कोठे आहे, ते हुडकून काढण्याचे शास्त्र गेल्या साधारण पंचेचाळीस वर्षांत उभे राहिले. आज एखादी प्रयोगशाळा रक्ताच्या एका नमुन्यावरून काही आठवड्यांत जे सांगू शकते, त्यासाठी १९८० च्या दशकात अनेक संशोधन-गटांची दहा-दहा वर्षे खर्ची पडत असत. हा शोध कसा घेतला जातो हे ठाऊक असले, की चाचणीच्या अहवालाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे आणि कोणत्या प्रश्नाचे दिलेले नाही, हे कुटुंबालाही उमगू शकते.

आरंभीचा मार्ग प्रथिनाकडून जनुकाकडे जाणारा होता. सिकलसेल या रक्तविकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या प्रकारे सरकते. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या प्रथिनातील नेमका फरक शोधला. साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते, एवढाच तो फरक. प्रथिन हाती असल्यामुळे त्यावरून जनुकापर्यंत पोहोचणे पुढे शक्य झाले.

परंतु ही सोय सिकलसेलला मिळाली, याचे कारण रक्त सहज काढता येते आणि हिमोग्लोबिन त्यात विपुल असते. आजार मेंदूचा असेल, कोणते प्रथिन बिघडले आहे याची कल्पनाच नसेल, तर काय करायचे? सुरुवात कोठून करायची, हाच प्रश्न होता.

सोबत चालणारी खूण

उत्तर गुणसूत्रांच्या वागणुकीत दडलेले होते. प्रत्येक मनुष्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे गुणसूत्रांचे दोन संच मिळतात. पुढच्या पिढीसाठी बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांशी काही तुकड्यांची अदलाबदल करतात. एकाच गुणसूत्रावरील दोन जागा एकमेकींपासून दूर असतील, तर या अदलाबदलीत त्यांची ताटातूट होण्याचा संभव मोठा असतो. त्या अगदी शेजारी असतील, तर त्या बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात.

म्हणजे रोगाचे जनुक दिसत नसले, तरी त्याच्या शेजारची एखादी ओळखता येणारी खूण पुरेशी आहे. घराण्यात आजार जिकडे जाईल तिकडे ही खूणही जात असेल, तर जनुक त्याच परिसरात आहे असे मानता येते. अपरिचित गावी मैलाचा दगड पाहून आपण कोठे आहोत याचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार.

अडचण होती ती खुणांची. रक्तगटासारख्या मोजक्याच खुणा पूर्वी उपलब्ध होत्या. रंगांधळेपणाचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असावे, हे १९११ मध्येच लक्षात आले होते, कारण तो दोष मुलींच्या द्वारे मुलग्यांमध्ये उतरतो. अन्य बावीस जोड्यांपैकी एखाद्या गुणसूत्रावर पहिले जनुक नेमून देण्यास मात्र १९६८ साल उजाडले. रॉजर डोनाह्यू या विद्यार्थ्याला स्वतःचेच पहिले गुणसूत्र जरा लांबट दिसले. त्याने आपल्या नातलगांचे रक्त तपासले, तेव्हा हे लांबट गुणसूत्र डफी रक्तगटाबरोबर वारशाने जात असल्याचे आढळले. असे योगायोग वारंवार घडत नाहीत.

कोंडी फुटली ती १९८० मध्ये. डेव्हिड बॉटस्टीन, रे व्हाइट, मार्क स्कोलनिक आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी एक साधी परंतु दूरगामी सूचना मांडली. डीएनएमध्ये माणसागणिक निरुपद्रवी फरक ठिकठिकाणी असतात. विशिष्ट अक्षरक्रम दिसताच डीएनए कापणारी विकरे वापरली, तर या फरकांमुळे तुकड्यांची लांबी बदलते आणि तो बदल प्रयोगशाळेत पाहता येतो. हे फरकच खुणा म्हणून वापरावेत आणि साऱ्या जनुकसंचावर असे मैलाचे दगड रोवावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

खूण आणि आजार एकत्र जातात हे ठरवायचे कसे, याचे गणित त्याआधीच तयार होते. समजा, वडिलांना आजार आहे. त्यांना तो ज्या गुणसूत्राबरोबर मिळाला, त्यावर ‘क’ खूण आहे. जोडीतील दुसऱ्यावर ‘ख’. त्यांच्या दहा मुलांपैकी प्रत्येक आजारी मुलाला ‘क’ आणि प्रत्येक निरोगी मुलाला ‘ख’ मिळाली. खुणेचा जनुकाशी काहीही संबंध नसेल, तर एका मुलात असा मेळ बसण्याची शक्यता निम्मी. दहाही मुलांत बसण्याची १,०२४ मध्ये १. न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये सुमारे हजारास एक हीच कसोटी सुचवली होती. ती फार कडक वाटेल. प्रत्यक्षात ती तशी नाही. सहज निवडलेल्या दोन जागा एकमेकींच्या शेजारी असण्याची शक्यता मुळातच पन्नासात एक इतपत असते. ती जमेस धरली, तर हजारास एक या पुराव्याची खात्री वीसास एक एवढीच उरते.

यावरून मोठ्या कुटुंबांचे महत्त्व लक्षात यावे. दोन-तीन मुलांच्या घरात हे गणित कधीच पूर्ण होत नाही.

माराकायबोच्या काठी

असे मोठे कुटुंब व्हेनेझुएलात होते. माराकायबो सरोवराच्या काठावरील कोळ्यांच्या वस्त्यांत हंटिंग्टन रोगाचे प्रमाण विलक्षण होते. साधारणतः तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान या रोगाची लक्षणे दिसू लागतात. हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात, स्वभाव बदलतो, विचारशक्ती क्षीण होते आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत मृत्यू ओढवतो. माता-पित्यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. लक्षणे उशिरा दिसत असल्याने, तोपर्यंत रुग्णाला बहुधा मुलेबाळे झालेली असतात. या वस्त्यांतील आजार हाच हंटिंग्टन रोग आहे, हे व्हेनेझुएलातील डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५० च्या दशकात ओळखले होते.

अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी वेक्सलर यांचा या विषयाशी संबंध केवळ अभ्यासाचा नव्हता. त्यांच्या आईला १९६८ मध्ये याच रोगाचे निदान झाले होते. वेक्सलर आणि त्यांचे सहकारी १९८१ पासून दरवर्षी माराकायबोला जाऊ लागले. तेथे जाण्यामागील मूळ हेतू आई आणि वडील दोघांकडूनही दोष मिळालेल्या व्यक्ती शोधण्याचा होता. जनुकाचा माग काढण्यासाठी त्याच घराण्याचा उपयोग होईल, हे नंतर ठरले. त्यांनी हजारोंच्या संख्येने रक्ताचे नमुने गोळा केले आणि कालांतराने १८,००० हून अधिक व्यक्तींची वंशावळ तयार झाली. दारोदार जाऊन कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची बहीण, हे विचारून लिहून काढण्याचे हे काम होते. जनुकशास्त्राच्या इतिहासात यंत्रांची वर्णने फार होतात, या कामाची कमी होतात.

नमुने बॉस्टनमधील जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत जात. त्या वेळी हाती जेमतेम डझनभर खुणा होत्या, आणि साऱ्या जनुकसंचासाठी काही शे खुणांची गरज होती. योग्य खूण सापडण्यास कित्येक वर्षे लागतील, असा जाणकारांचा अंदाज होता. नशिबाचा भाग असा की, अगदी सुरुवातीच्या खुणांपैकीच ‘जी-८’ ही खूण रोगाबरोबर जात असल्याचे दिसले. नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. हंटिंग्टनचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, एवढे निश्चित झाले.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. जी-८ या खुणेची चार रूपे होती. व्हेनेझुएलातील घराण्यात रोग तिसऱ्या रूपाबरोबर जात होता, तर अभ्यासातील अमेरिकन कुटुंबात तो पहिल्या रूपाबरोबर जात होता. खूण ही रोगाचे कारण नव्हे. ती केवळ शेजारी आहे, आणि वेगवेगळ्या घरांत शेजाऱ्याचे रूप वेगळे असू शकते. म्हणून त्या काळी या पद्धतीने एकट्या माणसाची चाचणी होऊ शकत नसे. नातलगांचे रक्तही लागत असे.

परिसर कळला, तरी घर सापडण्यास आणखी दहा वर्षे गेली. जी-८ आणि प्रत्यक्ष जनुक यांच्यात सुमारे ४० लाख अक्षरांचे अंतर होते, आणि जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ होते. काही कुटुंबांतील पुराव्यांनी संशोधकांना पार टोकाकडे, म्हणजे चुकीच्या दिशेला नेले. अखेर मार्च १९९३ मध्ये सहा गटांतील ५८ संशोधकांनी मिळून शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोष अनपेक्षित प्रकारचा निघाला. या जनुकात सी, ए, जी या तीन अक्षरांचा गट पुनःपुन्हा येतो. ही पुनरावृत्ती २६ पर्यंत असणे सर्वसाधारण होय. ४० किंवा त्याहून अधिक झाली, की पुरेसे आयुष्य लाभलेल्या व्यक्तीस रोग होतोच. पुनरावृत्ती जितकी अधिक, तितका रोग लवकर.

दरम्यान, सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसे व पचनसंस्थेच्या रोगाचे जनुक १९८५ मध्ये सातव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९८९ मध्ये ते लाप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स व जॉन रिऑर्डन यांच्या गटांनी हस्तगत केले. खुणेपासून निघून डीएनएचे तुकडे एकास एक जोडत पुढे सरकायचे, वाटेत भेटणारे प्रत्येक जनुक तपासायचे, असा तो क्रम होता. घामाच्या ग्रंथींत कार्यरत असलेले जनुक हवे, या तर्काने निवड सोपी झाली. युरोपीय वंशाच्या रुग्णांत आढळणाऱ्या सदोष प्रतींपैकी सुमारे ७० टक्के प्रतींत फक्त तीन अक्षरे गळालेली होती. हा रोग भारतात नसतोच, अशी समजूत बराच काळ प्रचलित होती. ती खरी नाही.

नात्यातील विवाहांचा धागा

काही रोग आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली तरच प्रकट होतात. अशा रुग्णांचे आई-वडील नात्यातील असण्याचे प्रमाण अधिक असते, हे आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्येच नोंदवले होते. १९८७ मध्ये एरिक लँडर आणि बॉटस्टीन यांनी याच गोष्टीचा शोधासाठी उपयोग सुचवला. आते-मामे भावंडांचा विवाह झाला, तर त्यांच्या अपत्याच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा भाग दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून आलेला, म्हणजे हुबेहूब सारखा असतो. मामा-भाचीच्या विवाहात हे प्रमाण आठव्या भागापर्यंत जाते. रोगी अपत्यांमध्ये असे हुबेहूब पट्टे शोधायचे आणि सर्वांना सामाईक असलेला पट्टा वेगळा काढायचा. जनुक तेथेच असण्याचा संभव मोठा. या रीतीने तीन-चार रुग्णांवरही काम भागते.

दक्षिण भारतात मामा-भाचीचे आणि महाराष्ट्रातील काही समाजांत मामेबहिणीशी विवाह परंपरेने होत आले आहेत, म्हणून ही पद्धत आपल्याकडे विशेष उपयोगी ठरते. तथापि भारतात प्रश्न केवळ जवळच्या नात्याचा नाही. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांची तपासणी झाली. त्यांपैकी ८१ समूहांत, मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फिनलंडमधील लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होता. शतकानुशतके जातीतच विवाह होत राहिल्याने, वधू-वरांना एकमेकांचे नाते ठाऊक नसले तरी त्यांचे पूर्वज एकच असू शकतात.

आंध्र आणि तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भुलीच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध शरीरातून वेळेवर दूर करणारे विकर या समाजातील काही व्यक्तींमध्ये जवळजवळ नसते. त्यांना शस्त्रक्रियेनंतर बराच काळ श्वास घेता येत नाही. भूलतज्ज्ञाला याची पूर्वकल्पना असली, की दुसरे औषध वापरता येते आणि धोका टळतो. उत्तर भारतातील अग्रवाल समाजात हातांच्या कंपाने सुरू होणारा एक मज्जाविकार आढळतो. त्याचे मूळही हंटिंग्टनप्रमाणेच सी-ए-जीच्या वाढलेल्या पुनरावृत्तीत आहे. अशा माहितीवरून कोणत्याही समाजाला नावे ठेवणे अज्ञानाचे होईल. प्रत्येक समूहाच्या वाट्याला कोणता ना कोणता दोष आलेलाच असतो. काहींचा शोधला गेला, एवढेच.

हजारो अनोळखी माणसे

मधुमेह, हृदयविकार यांसारख्या आजारांत एकच जनुक दोषी नसते, म्हणून वंशावळीची पद्धत तेथे तोकडी पडते. त्यांच्यासाठी हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी व्यक्ती घेऊन लाखो खुणांची तुलना केली जाते. उतारवयातील दृष्टिपटलाच्या विकाराबाबत या पद्धतीला २००५ मध्ये पहिले ठळक यश आले. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सात आजारांचे मिळून १४,००० रुग्ण आणि ३,००० निरोगी व्यक्ती यांचा अभ्यास झाला. यातून सापडणारे बहुतेक बदल आजाराचा धोका किंचितच वाढवतात. त्यांवरून एखाद्याचे भविष्य सांगण्याचा दावा कोणी करत असेल, तर तो सावधपणे ऐकावा.

तरीही या पद्धतीने एक मोठे फळ दिले, आणि तेही सिकलसेलच्याच बाबतीत. गर्भावस्थेत वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ते बनणे जवळजवळ थांबते. काही प्रौढांत ते टिकून राहते, आणि अशा सिकलसेल रुग्णांना त्रास कमी होतो. या फरकामागे ‘बीसीएल-११-ए’ हे जनुक असल्याचे २००७-०८ मध्ये अशाच तुलनेतून उघड झाले. रुग्णाच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशींतील या जनुकाचे नियंत्रण सैल करणाऱ्या ‘कासजेव्ही’ उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर होती. विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा येथील ज्या आदिवासी कुटुंबांत हा रोग आहे, त्यांच्यासाठी हा आकडा अर्थशून्य होय. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू केलेल्या मोहिमेचा भर म्हणूनच तपासणीवर आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी करण्याचे उद्दिष्ट तीत ठेवण्यात आले.

सरळ वाचनाचा काळ

२००९ नंतर चित्र पालटले. प्रथिने घडवणारा डीएनए हा एकूण जनुकसंचाच्या एक-दीड टक्का असतो. तेवढाच भाग वेगळा काढून संपूर्ण वाचण्याचे तंत्र आले. मिलर सिंड्रोम या दुर्मीळ व्यंगाचे जनुक तीन कुटुंबांतील केवळ चार रुग्णांच्या वाचनातून सापडले. मैलाच्या दगडांची गरज उरली नाही.

नवी अडचण उलट्या प्रकारची आहे. अशा वाचनात प्रत्येक माणसात वीस हजारांच्या घरात फरक सापडतात आणि त्यांपैकी दोषी एक किंवा दोनच असतात. म्हणून मुलाबरोबर आई-वडिलांचेही वाचन करतात. दोघांतही नसलेला, मुलात प्रथमच उद्भवलेला बदल असा चटकन वेगळा पडतो. सर्वसाधारण जनतेत जे फरक वारंवार आढळतात, तेही गाळले जातात. परंतु ‘सर्वसाधारण जनता’ कोणती? २००९ मध्ये कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरांची गळती सुमारे ४ टक्के भारतीयांत असल्याचे दाखवले; युरोपीय माहितीसंचात पाहणाऱ्याला ती जवळपास दिसणारच नाही. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजारांच्या आसपास भारतीयांचे जनुकसंच वाचून ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांना खुली केली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून.

या सर्वांत कठीण प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे. हंटिंग्टनची पूर्वचाचणी १९८६ पासून उपलब्ध झाली, पण रोग थांबवणारे औषध नव्हते. जनुकाच्या शोधासाठी आयुष्य वेचलेल्या वेक्सलर यांनी स्वतःची चाचणी करून घेतली नाही. आपल्याला हा आजार असल्याचे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले. जाणून न घेण्याचा हक्कही रुग्णाचाच आहे, ही भूमिका आज समुपदेशनात मान्य आहे, आणि ज्यांची लक्षणे प्रौढपणीच दिसतात व ज्यांवर उपाय नाही, अशा रोगांसाठी निरोगी बालकांची चाचणी सहसा केली जात नाही.

ज्या कुटुंबात मूल आजारी आहे, तेथे मात्र निदानाला व्यवहारात अर्थ असतो: पुढील अपत्यास किती धोका आहे, गर्भावस्थेत तपासणी करता येईल का, याची उत्तरे त्यावर अवलंबून असतात. लिंगनिदानास मनाई करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही आनुवंशिक रोगांसाठीच्या गर्भतपासणीस नोंदणीकृत केंद्रांत परवानगी दिली आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘उम्मीद’ उपक्रमांतर्गत काही शासकीय रुग्णालयांत निदान केंद्रे स्थापन झाली.

अशा वाचनातून अनेक रुग्णांत काहीच निष्पन्न होत नाही. ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ रोग आनुवंशिक नाही, असा होत नाही. दोष न वाचलेल्या भागात असू शकतो, किंवा त्या जनुकाचा रोगाशी असलेला संबंध अद्याप उजेडात आलेला नसतो. म्हणून अहवालाबरोबर मूळ माहितीची प्रतही मागून घ्यावी आणि दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा तपासून घ्यावी, असा सल्ला तज्ज्ञ देतात. मूल अत्यवस्थ असेल, तर त्याचा डीएनए जतन करून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना वेळीच करावी. नंतर केवळ आई-वडिलांच्या रक्तावरून हा शोध घेणे फार अवघड होते.